ते पाणी मी प्यालो होतो

माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळलं ते तसंच राहिलं. लेखणी धरायला उरलेली बोटं पुरतात. पाठीवरची कातडी उन्हाळ्यात ताणते, थंडीत खाजते. एरवी मला काही होत नाही. भेटणारी माणसं हात बघतात, "कशानं हो?" विचारतात, मी "लग्नात आग लागली होती" म्हणतो आणि विषय बदलतो.

ज्यांच्या घरात आज कुणी भाजून पडलं आहे त्यांच्यासाठी हे लिहायला बसलो. दवाखान्यात काय काय होतं, कुठं धीर सुटतो, कशानं जरा बरं वाटतं, हे कुणी आधी सांगितलं तर बरं असतं. पण हे लिहायचं तर माझी एक गोष्ट त्यात येते. ती गाळून लिहून पाहिलं. सगळं खोटं दिसायला लागलं. म्हणून ती ठेवतो आहे.

*

निजामी राज्य संपायला अजून दीडेक वर्ष होतं. लासूर स्टेशनला माझ्या चुलत बहिणीचं लग्न होतं. चैत्रातलं ऊन, वारं सुटलेलं. मांडव कडब्यानं शाकारलेला आणि त्याला लागूनच आचाऱ्याच्या चुली. बायका चुलींच्या बाजूला बसल्या होत्या, कारण त्या बाजूला सावली होती. कढईतलं तेल उतू गेलं, जाळ वर उठला आणि वाऱ्यानं तो कडब्यावर नेला. बस्स, एवढंच. कुणाची चूक म्हणाल तर कुणाचीच नाही. त्या आगीचं कसलंही ओझं माझ्यावर नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं गोंधळ व्हायचा नाही.

मी बाहेर होतो. माझी बायको गोदावरी आत होती. मी आत शिरलो, तिला दंडाला धरून ओढत बाहेर आणलं, तेव्हा माझ्या पाठीवर जळता कडबा पडला. हेही खरं आहे. लोक आजही सांगतात, "माधवरावांनी बायकोसाठी आगीत उडी घेतली." घेतली होती.

वडील, त्यांना आम्ही दादा म्हणत असू, वऱ्हाडाला घ्यायला स्टेशनात गेले होते, म्हणून वाचले. आमची चार वर्षांची शांता त्यांच्या खांद्यावर होती, म्हणून तीही. स्टेशनमास्तरनं उभी असलेली मालगाडी थांबवून धरली. आम्हाला डब्यात केळीच्या पानांवर आडवं केलं. डब्यात इतकी माणसं विव्हळत होती, की स्वतःचा आवाज कुठला ते कळत नव्हतं.

*

औरंगाबादच्या दवाखान्यात एका लांब खोलीत पुरुष, पलीकडच्या खोलीत बायका, मध्ये एक दार आणि दाराला जाड हिरवा पडदा. एवढी भाजलेली माणसं एकदम येतील, याची कुणाला कल्पना असणार? खाटा पुरल्या नाहीत. मला खाट मिळाली, ती त्या दाराजवळची. गोदेला पलीकडं दाराजवळच जमिनीवर निजवलं. आमच्यात पडदा आणि हातभर अंतर.

डॉक्टर हैदराबादचे होते, मध्यम वयाचे, किडकिडीत. लढाईच्या वेळी फौजी दवाखान्यात राहून आलेले. शिरेतून चढवायच्या मिठाच्या पाण्याच्या बाटल्या दवाखान्यात मोजक्याच होत्या, त्या त्यांनी लहान मुलांना आणि बेशुद्ध पडलेल्यांना लावल्या. बाकीच्यांसाठी स्वयंपाकघरातून तांब्याचं डेग मागवलं. त्यात उकळून गार केलेलं पाणी ओतलं. स्वतः उभं राहून मीठ तोलून टाकलं, खायचा सोडा तोलून टाकला, डावानं ढवळलं आणि सगळ्यांच्या देखत पहिला मग स्वतः प्यायले.

"देखो भाई," ते म्हणाले, "आग ने तुम्हारे बदन का पानी खींच लिया. पानी के साथ नमक भी गया. ये पियो. थोडा थोडा, दिनभर. खाली पानी नक्को. खाली पानी से नुकसान होता."

आमची शाळा उर्दूतली, मला शब्द न् शब्द कळला: हे मिठाचं पाणी थोडं थोडं प्यायचं, नुसतं पाणी प्यायचं नाही. खोलीतल्या बहुतेकांना कळला. पण प्यायला कुणी पुढं होईना.

आज वाचणाऱ्याला हे नवल वाटेल. त्या वर्षी आमच्याकडं हवाच तशी होती. कुणी कुणाच्या विहिरीत काय टाकलं, कुठल्या गावात कुणी कुणाला काय पाजलं, अशी कुजबूज रोज. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेली माणसं एकमेकांकडं तिरकी बघत होती. आणि डेगमधलं पाणी मगात भरून खाटेखाटेवर नेणारी बाई होती रहीमाबी. दोन्ही खोल्यांचं पाणी तीच बघायची. पांढरे केस, पायांत खडखडणाऱ्या चपला, आवाज घोगरा.

दादा माझ्या उशाशी बसले होते. पाण्याचा मग समोर आला तसा त्यांनी वास घेतला, करंगळी बुडवून अंगठ्यावर चोळली.

"बुळबुळीत लागतंय," ते म्हणाले. "पाणी कधी बुळबुळीत असतं का? आणि हातही कुणाचा. आपलं पाणी येतंय वकिलांकडून. तोवर कळ काढ."

गुलमंडीजवळ दादांचे एक वकील स्नेही राहत होते. त्यांच्या घरून पितळेच्या कळशीत पाणी येणार होतं. आमची सगळी सोयरी त्याच कळशीची वाट बघत होती.

एकटा गणपत आचारी प्यायला. ज्याच्या कढईतून आग निघाली तोच. पोटापासून गुडघ्यापर्यंत भाजला होता. त्यानं आपला मग रिकामा करून ओठ पुसले. समोरून कुणी तरी म्हणालं, "गणप्या, बाटलास की रं!"

"बाटलो तर बाटलो," गणपत म्हणाला. "जन्मभर मानसायला तळून घातलं, आज मीच तळून निघालो. आता मीठ लावून घेतो. कच्चा राह्यलो तर तुमीच नावं ठेवाल."

दोघं-तिघं हसले. हसताना कातडी ओढली गेली म्हणून लगेच कण्हले.

*

दुपारी आत्या पडद्याआडून आली. दादांची ही विधवा बहीण लग्नात देवघरापाशी बसली होती म्हणून वाचली आणि आता गोदेपाशी बसून होती.

"ती इचारतीय," आत्या म्हणाली, "ते डागदरचं पाणी घेऊ का म्हनून. घसा लई सुकलाय म्हणे."

विचारणं माझ्याकडं होतं, पण आत्या बघत होती दादांकडं. दादा माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "नको म्हणावं. आपलं पाणी येतंय."

दादांनी माझ्या उशीवर हात ठेवला. कपाळावर ठेवणार होते, पण तिथंही भाजलेलं होतं.

संध्याकाळच्या आत कळशी आली. गार, गोड पाणी. आम्ही सगळे प्यालो. मी किती प्यालो सांगता येत नाही. थोड्याच वेळात ते सगळं ओकून टाकलं. पुन्हा प्यालो, पुन्हा ओकलो. पलीकडं गोदेचंही तेच चाललेलं ऐकू येत होतं.

डॉक्टरांनी ओकारी पाहिली, कळशी पाहिली. रागावले नाहीत. कागदाच्या पुड्या मागवून त्यांनी दादांच्या हातात दिल्या. "हमारा पानी नहीं, तो मत लो. तुम्हारे पानी में ये डालो. नमक है, सोडा है. भजियों में डालते सो सोडा."

दादांनी अदबीनं दोन्ही हातांनी पुड्या घेतल्या, "जी" म्हणाले, आणि डॉक्टर पुढं गेल्यावर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिल्या. तिथून त्या कुणी हलवल्या नाहीत. माझा हात पोचत नव्हता. पण तोंड होतं की. "दादा, त्या टाका पाण्यात" एवढं म्हणायला हात लागत नाही.

*

भाजल्याचं दुखणं कसं असतं हे सांगायचा प्रयत्न मी करत नाही. ज्याला झालंय त्याला सांगायला नको, ज्याला नाही त्याला सांगून कळत नाही. एवढंच सांगतो, की पहिल्या दिवसांत दुखण्यापेक्षा तहान मोठी असते. ती घशात नसते, सगळ्या अंगात असते. जीभ टाळूला चिकटते ती सोडवावी लागते. आणि एक धास्ती बसते. छाती धडधडते, अंगाला गार घाम येतो, आपण आतून रिकामे होत चाललोय असं वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा अंघोळ आणि पूजेसाठी वकिलांकडं गेले. मी पुन्हा ओकलो होतो. रहीमाबी फरशी पुसायला आली. पुसून झाल्यावर गेली नाही. डेगमधून मग भरून आणला.

"पी लेव बाबा. जहर नै है, नमक है. ये देखो, मै पीती." तिनं वरून घोटभर ओतून घेतलं. "तुमारे अब्बा गये. कोई नै देखता."

ती हे वाक्य बोलली नसती तर मी प्यालो असतो का, माहीत नाही. मी तोंड उघडलं. खारट, कोमट, वरण करताना कुणी सोडा जास्त टाकावा तसं. मळमळलं. तिनं थांबून पुन्हा पाजलं. चमच्या-चमच्यानं, अंगाईची चाल गुणगुणल्यासारखं काहीतरी पुटपुटत. तो मग पोटात राहिला. त्यानंतर दुसरा.

गणपत शेजारच्या खाटेवरून बघत होता. मी त्याच्याकडं पाहिलं तसं तो म्हणाला, "मला नगा बघू, मालक. माजे डोळे बंद हायती." आणि त्यानं खरंच डोळे मिटले.

दुपारपर्यंत छातीची धडधड उतरली. डॉक्टर रोज प्रत्येकाला विचारत, "पेशाब हुआ?" आणि ज्याला झाली त्याचं कौतुक व्हायचं. आदल्या दिवशी गणपत ओरडला होता, "डागदरसायब, आमची तोटी उघडली, पेढे वाटा!" आज मला झाली. डॉक्टरांनी नाडी बघितली, रिकाम्या मगाकडं बघितलं.

"दादांना सांगू नका," मी हळूच उर्दूत म्हणालो.

"मैं क्यूँ बोलूँ? तुम बोलो," ते म्हणाले. मग पडद्याकडं हात केला. "अपनी बीबी को बोलो. वो किसी का नहीं सुनती. तुम्हारा सुनेगी. आज बोलो. कल नहीं."

मी मान हलवली. सांगतो म्हणालो. सांगायचं ठरवलंही होतं. यात माझं एवढंच म्हणणं आहे, की तेव्हा मी खोटं बोलत नव्हतो.

*

दादा परत आले ते सोयऱ्यांना घेऊन. लासूरहून माणसं समाचाराला आली होती. दादांनी माझ्या खाटेपाशी उभं राहून त्यांना सांगितलं, "एवढा होरपळलाय, पर दवाखान्याच्या पाण्याला शिवला नाही. सूनही तशीच. घरचं पाणी येईस्तोवर दोघांनी कळ काढली." एका म्हाताऱ्या सोयऱ्यानं डोळे पुसले. मी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, दुखतंय.

मग ती माणसं उठून दुसऱ्या खाटांकडं गेली, दादाही त्यांच्याबरोबर गेले. पडद्यापलीकडून गोदेचा आवाज आला. लग्न झाल्यापासून चारचौघांत तिनं मला कधी हाक मारली नव्हती. तो आवाज ओळखायला मला क्षणभर लागला.

"अवो. ऐकता का?"

"काय गं?"

"तुमी घेतलं का ते?"

माझ्या ओठांना तेव्हा मीठ होतं. जीभ फिरवली की चव लागत होती. तिच्याजवळ आत्या बसली होती. आत्याच्या हातात वाजायला बांगड्या नव्हत्या, पण तिच्या हातातली जपमाळ पडद्याखालून दिसत होती. मी "हो" म्हटलं असतं तर ते त्याच घटकेला दादांच्या कानावर गेलं असतं. सोयरे अजून खोलीत होते. दादांचं तोंड कसं झालं असतं ते मला दिसलं.

मी म्हणालो, "नाही."

ती म्हणाली, "बरं."

एवढंच. ते "बरं" रागाचं नव्हतं, नाराजीचंही नव्हतं. बाजारातून अमुक आण म्हटल्यावर म्हणतात तसलं होतं. मग आत्यानं तिला कळशीतलं पाणी पाजलं. घोट घेतल्याचा आवाज मी ऐकला.

रहीमाबी थोड्या वेळानं पाण्याचा मग घेऊन पलीकडं गेली. गोदेनं तिला सांगितलं, "नगं मावशी. त्यांनी नाय घेतलं." रहीमाबी पडदा बाजूला करून इकडं आली. तिच्या हातात भरलेला मग होता. ती माझ्याकडं बघत उभी राहिली. मला वाटलं, आता ही बोलणार. बोलली असती तर बरं झालं असतं. पण ती नोकरमाणूस, आणि त्या वर्षी तिनं तसं काही बोलणं म्हणजे काय झालं असतं, ते तिलाही कळत होतं. तिनं तो मग डेगमध्ये परत ओतला आणि चपला खडखडवत निघून गेली.

*

पुढच्या दिवशी गोदेचं बोलणं भरकटायला लागलं. शांतेला शेंगा सोलून दे म्हणायची. दळण आणायला सांगायची. तिचा चेहरा सुजून डोळे मिटले होते, असं आत्या म्हणाली. दुपारनंतर तिला झटके यायला लागले.

तेव्हा मी ओरडलो. "पाजा तिला ते डॉक्टरचं! आत्या, पाजा!" दादा धावत आले. मला वाटलं ते अडवतील. अडवलं नाही. रहीमाबीनं चमचा लावला. ते पाणी तिच्या गालावरून कानात गेलं. गिळायचं भान तिला उरलं नव्हतं.

मी "पाजा" असं ओरडलो. "मी प्यालोय" असं त्याही वेळी ओरडलो नाही.

दिवेलागणीच्या आधी ती गेली. मला पालथं निजवलेलं होतं. तिला नेताना पडदा वर बांधला, तेव्हा फक्त नेणाऱ्यांचे पाय दिसले.

त्यानंतरच्या सकाळी दादा पूजेला गेले नाहीत. ते खोलीत आले, डेगपाशी गेले, रहीमाबीच्या हातून मग घेतला आणि माझ्यापाशी आणला. त्यातलं थोडं पाणी माझ्या उशीवर सांडलं.

"घे," ते म्हणाले. "मी काय बोलणार नाय. घे लेकरा. औषध म्हणून घे."

मी प्यालो. आणि पहिला घोट घेतल्यावर तोंड वाकडं केलं, पहिल्यांदाच चव कळल्यासारखं. दादांनी पंच्यानं माझे ओठ टिपले. शेजारी गणपतनं डोळे मिटले होते. रहीमाबी पाठमोरी झाली. मी आयुष्यात पुष्कळ लहानमोठी पापं केली असतील. त्या वाकड्या तोंडाइतकं दुसरं काही मला आठवत नाही.

*

पुढं मी बरेच महिने दवाखान्यात होतो. ते लिहितो, कारण ते कुणाच्या उपयोगी पडेल.

सकाळी पट्ट्या बदलतात. पट्ट्यांच्या गाडीची चाकं व्हरांड्यात वाजली, की सगळी खोली गप्प होते. आपला नंबर आधी लागू नये म्हणून माणसं देवाला नवस बोलतात. पट्टी सुटत नसेल तर मीठ घातलेलं कोमट पाणी सोडायला सांगावं. ओढू देऊ नये. ओरडावंसं वाटलं तर ओरडावं. गणपत शिव्या द्यायचा, त्या आचारीपणातल्या होत्या: करपलास, नासलास, फुटलास. त्याच्या शिव्या ऐकायला नर्सबाई त्याची पट्टी मुद्दाम शेवटी ठेवत. तो माझ्याआधी घरी गेला. जाताना माझ्या पायांना हात लावायला वाकला, तर मी पाय आखडले. तो म्हणाला, "मालक, लई मनावर घेऊ नगा." कशाबद्दल, ते तो बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

बोटं सरळ राहावीत म्हणून फळीला बांधतात. ते फार जाचतं. मी रात्री गाठी सैल करायला लावायचो, म्हणून माझी बोटं अशी. तुम्ही तसं करू नका.

घरच्यांना एक सांगणं. रुग्णापुढं त्याचं कौतुक करू नका. केवढं धीराचं, केवढं सोसलं, असं म्हणत बसू नका. त्याला मग त्या कौतुकाच्या बाहेर यायला जागा राहत नाही.

आणि डॉक्टर जे पाजायला सांगतो ते पाजा. जे पाजू नका म्हणतो ते पाजू नका. पाजणारा हात कुणाचा, भांडं कुणाचं, ते बरं झाल्यावर बघा.

घरी सोडायच्या आधी मी डॉक्टरांना विचारलं, "ती प्याली असती तर?" त्यांनी माझ्या हाताची बोटं उघडून मिटून बघितली. मग म्हणाले, "वो तुमसे बहुत ज्यादा जली थी. पी लेती, तो भी शायद नहीं बचती. शायद." ते "शायद" त्यांनी दोनदा म्हटलं. त्यातलं पहिलं मी बरीच वर्षं पांघरून झोपलो. दुसऱ्यानं जाग यायची.

*

दादांनी गोदेची गोष्ट केली. त्यात खोटं काही नव्हतं, त्यांच्या समजुतीप्रमाणं. जीव गेला पण बाहेरच्या पाण्याला शिवली नाही. तिच्या श्राद्धाला दर वर्षी ती गोष्ट निघायची. पुढं राज्य बदललं, दवाखान्यात सगळे सगळ्यांच्या हातचं घ्यायला लागले, दादाही घ्यायला लागले. गोष्ट तशीच राहिली. मी वाढायला उठायचो, किंवा गोठ्याकडं जायचो. मी दुसरं लग्न केलं नाही, त्याचंही लोकांनी कौतुक केलं.

शांता ती गोष्ट ऐकत मोठी झाली. आई आठवत नव्हती, ही गोष्टच तिची आई होती. पिशोरला तिचं लग्न झालं, तिनं ती सासरी नेली. दादा गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या दिवसांना शांता आली होती, तिच्या नणंदेला सांगत होती, "माझी आई म्हणजे लोखंड होती. मला जरा काही झालं की मी रडते, तेव्हा सासूबाई म्हणतात, कुणाची लेक तू, आठव." ती हे हसत सांगत होती.

सगळे गेल्यावर दुपारी तिला ओसरीवर बसवून मी सांगितलं. इथं लिहिलंय तेच, याच क्रमानं. ती मध्ये बोलली नाही. वाकडं तोंड केल्याचं सांगितलं तेव्हा तिनं खाली पाहिलं.

मग तिनं विचारलं, "आई काय म्हणाली? नेमकं."

"तुमी घेतलं का ते, म्हणाली."

"घेऊ का, असं नाही म्हणाली?"

"ते पहिल्या दिवशी. आत्याकडून विचारलं होतं. दुसऱ्यांदा नाही."

"रहीमाबीला काय म्हणाली?"

"त्यांनी नाही घेतलं, म्हणाली."

"मग तिचं त्या पाण्याशी काही वाकडं नव्हतं, आबा," ती म्हणाली. "आजोबांचं होतं. तुम्ही तहानलेले असताना तिला एकटीला प्यायचं नव्हतं."

इतकी वर्षं मी समजत होतो, की ती माझ्या शब्दाबाहेर गेली नाही. मी नवरा म्हणून सांगितलं, तिनं बायको म्हणून ऐकलं. हे दुसरं मला सुचलंच नव्हतं. पडद्याच्या त्या बाजूनं ती मला सोबत करत होती, आणि या बाजूला मी पोट भरून प्यालेला होतो.

मी रडलो. शांता रडली नाही. माझ्याजवळही आली नाही. तिनं पिशवी भरली आणि निघाली. दाराशी थांबून म्हणाली, "तिकडं सगळ्यांना मी आईचं वेगळंच सांगून ठेवलंय. ते मी नाही बदलणार. तुम्ही या आणि सांगा. सासूबाईंना सांगा, ह्यांना सांगा, सगळ्यांसमोर सांगा."

"तू असशील ना?" मी विचारलं.

"असेन. पण मध्ये बोलणार नाही."

येत्या रविवारी सकाळच्या मोटारीनं मी पिशोरला जातो आहे.